दाबून धरायचं बटण

ही गोष्ट खरी आहे.

खरी माना म्हणून कुणी तुमच्या पाया पडणार नाही. ज्या घरात ती घडली ते घर तंजावुरात मेडिकल कॉलेज रोडच्या मागच्या वसाहतीत आजही उभं आहे. त्यातली माणसं आजही तिथंच राहतात. आणि नवमीच्या दुपारी त्यांच्या दारावरून जाताना शेजारची शेषम्मा आजही पावलं झपाझप उचलते.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती, पिंपळ नव्हता.

भर दुपार होती. खंडेनवमीची. घरभर नैवेद्याच्या सुंडलाचा, फोडणी दिलेल्या हरभऱ्याचा वास होता.

म्हणून तर जास्त भीती वाटते.

कल्याणराम राव हे कालव्याच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलांचे अप्पा. शब्दाचे पक्के, असं लोक म्हणत. हट्टी म्हणायची भीड वाटे म्हणून पक्के म्हणत, एवढंच. बायको भामा. मोठी मुलगी भुवना, धाकटा श्रीकर. घरात पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि भांडण दोन्हींत.

श्रीकरचा जीव एका जुन्या व्हिडिओ गेममध्ये होता. साउथ मेन स्ट्रीटवरच्या एका दुकानातून त्यानं तो काळा डबा आणला होता, दोन कंट्रोलरवाला. त्याच्या बरोबरीची पोरं फोनवर नवेनवे खेळ खेळत आणि याला हसत. याच्या खेळातली माणसं ठोकळ्यांची, हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि धुकं इतकं की पुढची भिंत आपटल्यावरच कळावी. पण श्रीकरला तोच हवा होता. कारण तो दोघांनी शेजारी बसून खेळायचा होता.

पडद्याचे दोन भाग व्हायचे. वरच्या भागात श्रीकरचा शिपाई, लाल टोपीचा. खालच्या भागात भुवनाचा, निळ्या टोपीचा. बर्फातला एक पडका कारखाना आणि चहूबाजूंनी गोळ्या. खेळणाऱ्याला आपल्या शिपायाचं तोंड कधीच दिसायचं नाही. दिसायची फक्त पाठ. तो चालायचा आणि आपण चार पावलं मागून बघत बघत त्याला चालवायचं.

हे लक्षात ठेवा. पाठ.

गोळी लागली की शिपाई लगेच मरायचा नाही. पडायचा. पडल्या जागेवरून हात वर करून 'हिअर! हिअर!' ओरडायचा. त्याच्या डोक्यावर एक तांबडं वर्तुळ यायचं आणि हळूहळू आटत जायचं. ते आटायच्या आत जोडीदारानं धावत जायचं आणि एक बटण दाबून धरायचं. दाबून सोडायचं नाही. धरायचं. वर्तुळ पुन्हा भरलं की पडलेला उठायचा.

नाही धरलं, तर तो गेला.

"अक्का, गोळ्या मारणें कोणासही येतें," श्रीकर म्हणायचा. "धरून बसणें येत नाहीं लोकांस."

आता त्या घरची खंडेनवमी सांगायला हवी. त्या दिवशी घरातली पुस्तकं, हत्यारं, यंत्रं सगळी सरस्वतीपुढे मांडायची. गंध-कुंकू लावायचं. मग दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. मुलांची चंगळ, कारण अभ्यास बंद. श्रीकर दरवर्षी आपला काळा डबा आणि कंट्रोलरसुद्धा पाटावर ठेवायचा. "राजांच्या तलवारी म्यूझियमांत गेल्या," तो हसायचा, "आमच्या घरीं हेंच शस्त्र उरलें."

त्या वर्षीही त्यानं ठेवला. आणि त्याच दुपारी, अप्पा झोपल्यावर, उचलला.

कारण भुवनाला दुसऱ्या दिवशी कोइम्बतूरला नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि खेळाचा शेवटचा टप्पा राहिला होता. पुन्हा दोघं एकत्र कधी बसणार?

कंट्रोलरवरचं कुंकू बोटांना लागत होतं. शेवटच्या वळणावर लाल टोपीवाला पडला. निळी टोपी त्याच्याकडे धावत होती...

आणि मागं अप्पा उभे होते.

"पूजेंतलें उचललेंस? देवीपुढचें?"

"अप्पा, थोडें थांबा. मी पडलों आहें, अक्का येते आहे..."

अप्पांनी वायर उपटली. पडदा काळा झाला. मग जे बोलायचं ते बोलले, आणि न बोलायचं तेही बोलले. राहिलेले पेपर, वाया गेलेली वर्षं, सगळं निघालं. भुवनाच्या हातातही कंट्रोलर होता, पण तिला कुणी चकार शब्द बोललं नाही.

"जा, कोठें जायचें तेथें जा," अप्पा शेवटी म्हणाले. "आणि मज फोन करूं नको. केलास तरी मी घ्यायचा नाहीं."

श्रीकर मोपेड काढून पापनाशमच्या रस्त्याला लागला. तिकडे त्याचा एक मित्र राहायचा.

दिवेलागणीला अप्पांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि फोन उपडा ठेवला.

पुन्हा वाजला. भुवना उठली.

"हात लावूं नको."

ती बसली. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. भामा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शब्दाचा पक्का माणूस आपला शब्द पाळत होता.

मग वाजायचा थांबला.

श्रीकर भाताच्या शेताकडेच्या चरात सापडला, मोपेडखाली. गावच्या बसमधल्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. फोन मुठीत होता. दशमीच्या पहाटे तो गेला. डॉक्टरांनी, थोडं आधी कळलं असतं तर, असं वाक्य सुरू केलं आणि भामाचं तोंड बघून अर्ध्यावर सोडलं.

त्यानं अक्काला फोन केला नव्हता. अम्मालाही नाही. सगळे फोन अप्पांनाच केले होते.

त्या दिवसापासून भामा नवऱ्याशी बोलली नाही. पान वाढायची, कपडे वाळत घालायची. बोलायची नाही.

पुढच्या वर्षी घरात सण नव्हता. त्याच्या पुढच्या नवरात्रात भामानं कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडल्या, बाहुल्या लावल्या, आणि नवमीला तो काळा डबा कपाटातून काढून सरस्वतीपुढे ठेवला. वायर गुंडाळलेली, दोन्ही कंट्रोलर पुसलेले, त्यावर गंधाचा टिळा. अप्पांनी बघितलं. पण जी बाई आपल्याशी बोलतच नाही, तिला नको म्हणणार कसं?

भुवना रजा घेऊन आली होती. जेवणं झाली. अप्पा वेताच्या खुर्चीत बसले होते, भामा खाली भिंतीला टेकून.

करंट गेला.

पंखा फिरत फिरत थांबला. वसाहत एकदम गप्प झाली. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

कोलूच्या खालच्या पायरीवर तंजावूरची डोलती बाहुली होती. तिची मान...

हलत होती.

वारा नव्हता. कुणी धक्का दिला नव्हता. बाहुली मान हलवत होती, नाही, नाही, नाही.

आणि मग टीव्ही लागला.

करंट नव्हता. काळा डबा टीव्हीला जोडलेलाच नव्हता, तो समोर पाटावर होता. तरी पडदा उजळला. वरचा अर्धा भाग काळाच राहिला. खालच्या भागात बर्फ होता, पडका कारखाना होता, आणि निळ्या टोपीची पाठ होती.

भुवनानं जागा ओळखली. शेवटचं वळण. अप्पांनी वायर उपटली होती तेव्हाची.

हा खेळ मध्येच बंद पडला की टप्प्याच्या सुरुवातीला जातो. मधली जागा तो लक्षात ठेवत नाही. ठेवूच शकत नाही.

समोर धुक्यात काहीतरी लाल होतं. पडलेलं. त्यानं हात वर केला...

आवाज नाही. एरवी तो घसा फोडून ओरडायचा. आता नुसता हात वर, आणि पुन्हा खाली.

हात पुन्हा वर झाला, आणि त्याच क्षणी स्टुलावरचा अप्पांचा फोन वाजला.

हात खाली. फोन गप्प.

हात वर. फोन वाजला.

फोनवर नाव नव्हतं, नंबर नव्हता. त्याची काच काळीच होती. पण वाजत होता. डोक्यावरचं तांबडं वर्तुळ आटत होतं.

"भुवना, जा गे!" भामा किंचाळली. "ऊठ! धर त्यास!"

भुवना पाटाशी धावली. हात पुढे केला.

"हात लावूं नको!"

अप्पा बोलले नव्हते, त्यांची सवय बोलली होती. पण मिळवती, शहरात एकटी राहणारी मुलगी, तिचा हात थांबला. बापाच्या आवाजाला थांबायची तिलाही सवयच होती. तिचा हात हवेत राहिला आणि वर्तुळ अर्धं झालं.

फोन वाजला.

मग अप्पा उठले. खुर्ची मागं कलंडली. ते देवीपुढे गुडघ्यांवर आदळले आणि पूजेतला कंट्रोलर त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. स्वतःच्या हातांनी. गंध बोटांना लागलं.

"कोणतें बटण? भुवना, कोणतें बटण गे?"

पोरगा वर्षानुवर्षं त्यांच्या हॉलमध्ये तो खेळ खेळला. बापानं एकदाही शेजारी बसून पाहिला नव्हता. आता विचारत होता, कोणतं बटण.

"डावी काठी पुढें करा! पुढें, अप्पा! भिंत आहे, वळा!"

निळी टोपी भिंतीला अडखळली, फिरली, पुन्हा अडखळली. म्हातारे अंगठे कंट्रोलरवरच्या काठीवरून घसरत होते. शेवटी पोहोचली. लाल टोपीच्या अगदी जवळ.

"आतां खालचें बटण! दाबा!"

अप्पांनी दाबलं. आणि सोडलं.

टीव्हीच्या रिमोटचं दाबतो तसं.

"दाबून धरा, अप्पा! सोडूं नका! धरा!"

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा सोडलं. टक, टक, टक. जन्मात त्यांनी काही धरून ठेवलं असेल तर तो राग. बटण धरायचं त्यांच्या हाताला कळेना. भुवनानं झडप घातली, त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला...

वर्तुळ मिटलं.

वर उठलेला हात खाली आला. मोकळा, हळू. फोन थांबला. पडदा काळा झाला. थोड्या वेळानं करंट आला आणि पंखा फिरू लागला, जसं काही झालंच नव्हतं.

बाहुलीची मान थांबली होती.

दशमीला पूजा करून त्यांनी डबा उचलला, जोडला. खेळ सुरू झाला तो अगदी पहिल्या टप्प्यापासून. लाल टोपी मुकाट उभी. तिला चालवणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर कल्याणराम राव तो खेळ शिकले.

हसू नका. वसाहत हसलीच. म्हातारचळ लागला, म्हणाले. शेषम्मा तर तोंडावर म्हणाली, "काय राव, आतां सैन्यांत भरती होणार काय?" अप्पा रोज कॉफी झाली की कंट्रोलर घेऊन बसायचे. भुवना फोनवरून शिकवायची. काठी, नेम, आडोसा. आणि ते बटण. अंगठ्याला घट्टा पडेपर्यंत ते बटण धरून बसायची सवय केली. एकच ध्यास होता. पुढच्या नवमीला तो पडेल, तेव्हा मी उठवीन.

नवमी आली. अप्पा सकाळपासून कंट्रोलर हातात घेऊन टीव्हीसमोर बसले. काहीही झालं नाही.

"सांग त्यांस," भामा भुवनाला म्हणाली, नवऱ्याकडे न बघता. "पूजेंत ठेवल्याविना तो यायचा नाहीं."

ठेवला. गंध लावलं. दुपार झाली. पंखा थांबला. बाहुलीची मान...

पडदा उजळताच अप्पांनी कंट्रोलर उचलला. या वेळी अंगठे घसरले नाहीत. निळी टोपी वाऱ्यासारखी निघाली, भिंत चुकवून, वळण घेऊन. भुवनाला त्याही स्थितीत अभिमान वाटला.

लाल टोपी पडलेली नव्हती.

उभी होती. धुक्यात, पाठ करून.

"श्रीकरा," अप्पा म्हणाले. "आलों रे. आलों मी."

निळी टोपी त्याच्यापर्यंत पोहोचली. आणि कुठूनशी एक गोळी आली.

अप्पांचा शिपाई पडला.

त्याच्या डोक्यावर तांबडं वर्तुळ आलं. त्यानं हात वर केला. आता सगळं लाल टोपीच्या हातात होतं. एक बटण. तो अगदी जवळ उभा होता. हात लांब केला तर पोहोचेल इतका.

तो उभाच राहिला.

वर्तुळ आटत होतं. अप्पा काही दाबत नव्हते. दाबण्यासारखं काही उरलं नव्हतं. नुसते बघत होते.

लाल टोपी हलली नाही. वळली नाही. त्याचं तोंड दिसावं, एकदाच दिसावं, म्हणून भुवना देवीचा धावा करत होती. शेवटपर्यंत पाठच दिसली.

वर्तुळ मिटलं. मग तो चालू लागला. धुक्यात शिरला. पडदा काळा झाला.

मग भामा उठली. पदर सारखा केला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याकडे बघून बोलली.

"सुंडल वाढूं तुम्हांस?"

भुवना म्हणते, त्या दुपारी तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती अम्माच्या त्या शांत आवाजाची.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर काही दिवसांनी भुवना आणि अप्पा संध्याकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला निघाले. उजेड होता. सायकली जात होत्या. अप्पा पुढे, ती मागे. चालता चालता तिच्या लक्षात आलं की आपल्याला अप्पांची फक्त पाठ दिसते आहे. चार पावलांवरून.

आणि तेवढ्यात अप्पा म्हणाले, वळून न बघता, "किती दिवस माझी पाठ बघशील रे? पुढें ये की."

ती दचकली. हाक तिला नव्हती.

पुढच्याच क्षणी त्यांचा पाय दगडावरून सरकला. ते कालव्याच्या काठावर आडवे झाले. त्यांनी हात वर केला.

"भुवना!"

ती धावणार होती. देवीशपथ धावणार होती. तिनं पाय उचलायला घेतला...

पाय उचलला नाही.

दुखत नव्हता, जड झाला नव्हता. तिचा नव्हताच. ती सरळ उभी होती, हात दोन्ही बाजूंना सोडून, आणि बापाचा वर उठलेला हात बघत होती. आणि तिच्या मागं... अगदी मागं नाही, थोडं मागं...

कुणीतरी होतं. तिची पाठ बघत होतं.

एका सायकलवाल्यानं उतरून अप्पांना उठवलं. ते उभे राहिले तेव्हाच तिचे पाय सुटले. अप्पांनी धोतरावरची माती झटकली आणि तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती कोइम्बतूरला परतली. तेव्हापासून घरी गेलेली नाही.

आता पुन्हा नवरात्र तोंडावर आहे. भामानं कोलूच्या पायऱ्या काढल्यात. अप्पांनी कंट्रोलर पुसून ठेवलेत, दोन्ही. परवा त्यांचा फोन आला. फोन मात्र भुवना पहिल्या रिंगला उचलते.

"तूंही आतां मजवर फिरलीस काय गे?" अप्पांनी विचारलं. "पडलों तेव्हां नुसती बघत उभी राहिलीस. आतां येतही नाहींस."

ती म्हणाली, रजा नाही.

दुसरं काय सांगणार? की अप्पा, मी येत नाही, कारण मी जवळ असताना तुम्ही पडलात, तर तो मला तुमच्यापर्यंत येऊ देणार नाही?